उबेचे माप

हिमाचल प्रदेशातील लाहौलच्या खोऱ्यात हिवाळा सुरू झाला की शेतीची कामे थांबतात. वाटाणा आणि बटाटा बाजारात गेलेला असतो, जनावरांसाठी चारा साठवून झालेला असतो आणि शेतांवर बर्फाचा थर चढू लागतो. केलाँग हे जिल्ह्याचे ठिकाण समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. जानेवारीत तेथील रात्रीचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. रोहतांगच्या डोंगराखालून जाणारा सुमारे नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला. तोपर्यंत हिवाळ्याचे कित्येक महिने या खोऱ्याचा मनालीशी रस्त्याने संपर्क तुटलेला असे आणि अत्यवस्थ रुग्णाला हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागे. अशा दिवसांत घरातील माणसे एकाच खोलीत, धुराडे असलेल्या पत्र्याच्या शेगडीभोवती जमतात. बायकांच्या हातात सुया असतात आणि शेजारी लोकरीचा गुंडा. पायमोजे, हातमोजे, टोप्या असे काही ना काही घरातल्या माणसांसाठी विणले जात असते.

मागावर लोकरीचे कापड विणणे हिमालयात फार जुने आहे. सुयांवरचे विणकाम मात्र लाहौलमध्ये एकोणिसाव्या शतकात मोरावियन मिशनऱ्यांबरोबर रुजले. केलाँगच्या मिशनमध्ये मारिया हायडे या बाईंनी स्थानिक मुली-बायकांना विणकाम शिकवले. पुढे त्यात लाहौलचे स्वतःचे रंग आणि नक्षी आली आणि आता लाहौली मोजे व हातमोजे यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पर्यटक ते प्रवासाची आठवण म्हणून विकत घेतात. वैद्यकाच्या दृष्टीने पाहिले तर तो थंडीपासून होणाऱ्या आजारांवरचा एक जुना, स्वस्त आणि दुष्परिणाम जवळजवळ नसलेला प्रतिबंधक उपाय आहे.

मात्र ही विणलेली ऊब घरात नेमकी कोणाच्या अंगावर जाते, हे पाहायला हवे. खोरे बर्फाचे असो किंवा गाव निफाडजवळचे, बहुतेक घरांत पहिला स्वेटर शाळेत जाणाऱ्या मुलाला मिळतो, दुसरा कामावर जाणाऱ्याला. घरात बसलेल्या आजीला किंवा आजोबांना ‘तुम्हाला कुठे बाहेर जायचंय?’ असे म्हणून जुनी शाल पुढे केली जाते. त्यात दुष्टपणा नसतो. जो थंडीत बाहेर पडतो त्याला थंडी वाजते, हा साधा हिशेब असतो. शरीरशास्त्राचा हिशेब मात्र नेमका उलटा आहे आणि दर हिवाळ्यात या चुकीची किंमत घरातली सर्वांत अशक्त माणसे मोजतात.

बसलेल्या माणसाची थंडी

निरोगी तरुण माणूस बर्फातून चालत असतो तेव्हा त्याचे स्नायू उष्णता तयार करत असतात. चालताना तर त्याला घामही येतो. थंडी वाढली की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, उष्ण रक्त शरीराच्या आतल्या भागाकडे वळते, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर हुडहुडी भरते. हुडहुडी म्हणजे स्नायूंनी केवळ उष्णतेसाठी केलेली मेहनत. या तिन्ही गोष्टी वयाबरोबर मंदावतात. वृद्ध माणसाचे स्नायू कमी झालेले असतात, हुडहुडी उशिरा आणि कमी भरते, रक्तवाहिन्यांचे आकुंचन पुरेसे होत नाही. शिवाय थंडी वाजल्याची जाणीवच बोथट झालेली असते. त्यामुळे ‘मला नाही वाजत थंडी’ या आजोबांच्या बोलण्यावर विसंबून राहणे धोक्याचे असते. त्यात थायरॉइडची कमतरता, मधुमेह, अर्धांगवायू किंवा झोपेच्या गोळ्या यांची भर पडली तर धोका आणखी वाढतो.

शरीराच्या आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्याला वैद्यकात शीतबाधा म्हणतात. ती बर्फात हरवलेल्या गिर्यारोहकालाच होते असा समज आहे. प्रत्यक्षात ती न तापवलेल्या खोलीत, पलंगावर बसलेल्या माणसालाही होऊ शकते, आणि फार गाजावाजा न करता होते. माणूस सुस्तावतो, बोलणे जड होते, काहीतरी असंबद्ध बोलू लागतो, तोल जातो. घरच्यांना वाटते, वय झाले. पोटावर हात ठेवला तर तेही गार लागते. ही खूण प्रत्येक घराला ठाऊक असावी. जुन्या पाऱ्याच्या तापमापकाची पट्टी ३५ अंशांच्या आसपास सुरू होते, त्यामुळे त्यात शीतबाधा दिसतच नाही. ताप मोजायला तापमापक हाती घेतला जातो, गारठा मोजायला कोणी घेत नाही.

तरीही थंडीमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी शीतबाधेचे मृत्यू थोडेच. मोठा वाटा हृदयविकार, पक्षाघात आणि श्वसनाच्या आजारांचा आहे. थंडीत रक्तवाहिन्या आकसल्याने रक्तदाब वाढतो, रक्त अधिक दाट होते आणि हृदयावरचा भार वाढतो. ‘लॅन्सेट’मध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ देशांतील सात कोटींहून अधिक मृत्यूंची तापमानाशी सांगड घालण्यात आली. थंडीशी जोडता येणारे मृत्यू सुमारे ७.३ टक्के निघाले, तर उष्णतेशी जोडता येणारे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यातही कडाक्याच्या लाटेपेक्षा साध्या, रोजच्या, दखल न घेतल्या जाणाऱ्या थंडीचा वाटा मोठा होता. त्या यादीत भारत नव्हता. पण २०१८ मध्ये भारतातील मृत्यूंवर झालेल्या एका अभ्यासातही मध्यम थंडीचा भार असाच ठळकपणे दिसला. म्हणजे प्रश्न फक्त हिमवृष्टीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने थंड हवामानात घरातले तापमान किमान १८ अंश असावे असे २०१८ मध्ये सुचवले आहे. ज्या घरांना ते परवडत नाही, तिथे उरतो तो अंगावरचा कपडा.

लोकर तापत नाही, हवा धरून ठेवते

स्वेटर गरम असतो असे आपण म्हणतो, पण स्वेटर स्वतः उष्णता तयार करत नाही. तो शरीराची उष्णता निसटू देत नाही, आणि हे काम खरे तर लोकर करत नसून लोकरीत अडकलेली हवा करते. मेंढीच्या लोकरीचा तंतू सरळ नसतो, त्याला नैसर्गिक लाटा असतात. त्यामुळे तंतू एकमेकांना घट्ट चिकटून बसत नाहीत आणि मध्ये हवेचे असंख्य लहान कप्पे राहतात. स्थिर हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. हाताने विणलेल्या कापडात टाक्याटाक्यांत अशी हवा भरपूर राहते. म्हणूनच दाट आणि घट्ट विणले की जास्त ऊब मिळते हा समज पूर्ण खरा नाही. फार घट्ट मोज्यात हवाही राहत नाही आणि बोटांचा रक्तप्रवाहही कमी होतो. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ थर बरे, कारण दोन थरांमध्येही हवा अडकते.

लोकरीचा दुसरा गुण ओलाव्याशी संबंधित आहे. ती स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के बाष्प शोषून घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि बाष्प शोषताना थोडी उष्णता बाहेर सोडते. सुती कपडा घामाने किंवा बर्फाने भिजला की अंगाला चिकटतो. पाणी हवेच्या तुलनेत वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून ओला कपडा हा कपडा नसण्यापेक्षाही वाईट ठरू शकतो. तरी लोकर भिजत नाही असे नाही. चिंब भिजलेला मोजा लोकरीचा असला तरी बदललाच पाहिजे. त्यामुळे भेट द्यायची तर मोज्यांची एक जोडी देऊन भागत नाही, दोन द्याव्यात. एक पायात, एक वाळत.

लोकर धुण्याचेही तंत्र आहे. तिच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी आणि जोराचे चोळणे मिळाले की ते एकमेकांत अडकतात, कापड आटते आणि घट्ट होते. तसे झाले की आजीचा स्वेटर नातवालाही बसत नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, न पिळता सपाट पसरून वाळवणे, एवढे पुरे. हे भेट घेणाऱ्याला सांगणे हाही भेटीचा भाग समजावा.

आजीसाठी विणताना

वृद्धांसाठी विणताना नक्षीपेक्षा हाताचा विचार आधी करावा. संधिवाताने आखडलेल्या खांद्यांना डोक्यातून घालायचा स्वेटर नकोसा होतो. तो घालताना दुसऱ्याची मदत लागते, आणि मदत मागायला नको म्हणून तो ट्रंकेत पडून राहतो. पुढून उघडा, मोठ्या बटणांचा, सैल बाह्यांचा स्वेटर दिसायला साधा असेल, पण तो रोज घातला जाईल. बिनबाह्यांची बंडीही छाती आणि पाठ उबदार ठेवते आणि हात मोकळे राहतात. धड उबदार राहिले की शरीर हातापायांकडे रक्त पाठवायला फारशी काटकसर करत नाही. म्हणून गार बोटांवरचा इलाज पुष्कळदा छातीवर असतो.

पायमोजे विणताना वरची कड घट्ट नको. मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाची संवेदना कमी झालेली असते आणि रक्तपुरवठाही अनेकदा अपुरा असतो. मोज्याच्या आतली जाड शिवण किंवा गाठ दिवसभर बोटाला घासत राहिली तरी त्याला कळत नाही आणि संध्याकाळी फोड दिसतो. अशा फोडातून पुढे काय होऊ शकते हे मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज दिसते. तेव्हा गाठी बाहेरच्या बाजूला, शिवण सपाट आणि मोजा रंगाने फिका असावा, म्हणजे जखमेचा स्राव किंवा रक्ताचा डाग लगेच दिसेल. गुळगुळीत फरशीवर लोकरी मोजा घसरतो. वृद्धाच्या खुब्याचे हाड मोडले तर थंडीपासून वाचवलेला माणूस अंथरुणाला खिळतो. मोज्यांसोबत घसरट नसलेल्या तळाची घरात घालायची चप्पल द्यावी.

टोपीविषयी एक जुना समज आहे की शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून निघून जाते. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते खरे नाही. डोके हे त्वचेच्या एकूण क्षेत्रफळाच्या सुमारे दहाव्या भागाइतके असते आणि उघडे राहिल्यास साधारण त्याच प्रमाणात उष्णता गमावते. तरीही कानटोपी घालावी, कारण बाकी अंग झाकलेले असताना उघडे राहते ते डोकेच, आणि रात्री गार खोलीत झोपणाऱ्या टक्कल पडलेल्या आजोबांना तिचा खरोखर उपयोग होतो. फक्त तिच्यावर भिस्त ठेवून पाय उघडे टाकू नयेत.

बाळासाठी विणताना

नवजात बाळाच्या बाबतीत मात्र डोक्याचा तो समज बराचसा खरा ठरतो. बाळाचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने मोठे असते. त्वचेच्या एकूण क्षेत्रफळाचा सुमारे पाचवा भाग डोक्याचा असतो. बाळाला हुडहुडी भरत नाही. पाठीवर आणि मानेभोवती असलेली तपकिरी चरबी जाळून ते उष्णता तयार करते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाजवळ हा साठाही तुटपुंजा असतो. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांच्या दरम्यान असावे. ते त्याखाली गेले की बाळ दूध ओढेनासे होते, रक्तातली साखर घसरते, श्वास बिघडतो, आणि जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद कमी होते.

म्हणून जन्मताच बाळाला कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवणे, डोक्यावर टोपी घालणे, पहिली आंघोळ निदान २४ तास लांबवणे ही साधी कामे जीव वाचवणारी आहेत. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. एडगर रे यांनी सुरू केलेली आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी पुढे नेलेली कांगारू मातृ संगोपनाची पद्धत यावरच उभी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवल्यास पहिल्या महिन्यातील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. त्या वेळी बाळाच्या अंगावर जवळजवळ काही नसते. एक टोपी, पायमोजे आणि लंगोट. बाकी ऊब आईची. नातवंडासाठी स्वेटरांची चळत विणणाऱ्या आजीने हे ध्यानात घ्यावे की पहिल्या दिवसांत सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे मऊ टोपी आणि पायमोज्यांची जोडी. नंतर उबदार वस्तू आणखी एका व्यक्तीसाठी विणायची आहे, ती बाळंतिणीसाठी. बाळाला छातीशी धरून तासन्‌तास बसणारी तीच असते.

बाळाच्या कपड्यांत काही धोकेही आहेत. टोपीला लांब नाड्या नकोत, कारण त्या गळ्याभोवती अडकतात. सुटणारी बटणे आणि गोंडे नकोत. हातमोजे-पायमोजे बाळाला घालण्यापूर्वी उलटे करून आत लोंबणारा सैल धागा कापून टाकावा. असा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तप्रवाह बंद पडल्याची उदाहरणे वैद्यकाला परिचित आहेत. विनाकारण सतत रडणाऱ्या बाळाची बोटे एकदा मोजे काढून पाहावीत, ही सूचना यातूनच आली आहे. लोकर टोचत असेल तर आत सुती अस्तराची टोपी घालावी.

शेवटी, ऊब जास्त झाली तरी अपाय होतो. घरी आलेले, वजन वाढत असलेले निरोगी बाळ उबदार खोलीत झोपलेले असताना त्याच्या डोक्यावर टोपी आणि अंगावर तीन-तीन स्वेटर नकोत. अतिउष्णतेचा संबंध झोपेतील आकस्मिक बालमृत्यूंशी जोडला गेला आहे. बाळाच्या मानेला मागून हात लावावा. घाम असेल तर एक थर काढावा, गार असेल तर एक चढवावा. मोठ्या माणसाला जितके कपडे सुखाचे वाटतात त्याहून एक थर अधिक, हे माप बहुतेक वेळा पुरते. हाताची बोटे थोडी गार असणे एवढ्यावरून बाळाला थंडी वाजते असे ठरवू नये.

शेगडीचा मोह

कपड्याची ऊब अपुरी पडली की माणूस विस्तवाकडे वळतो. हिमालयातील घरांत ते अपरिहार्य आहे. पण विस्तवाची ऊब फुकट मिळत नाही. काश्मीरमध्ये फेरनखाली निखाऱ्यांची कांगडी धरण्याची प्रथा आहे. वर्षानुवर्षे त्याच जागी शेक बसल्याने मांड्यांवर आणि पोटावर जाळीदार काळपट डाग उठतात आणि त्यातूनच काहींना त्वचेचा कर्करोग होतो. मिशनरी डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात त्याची नोंद केली आणि वैद्यकाच्या पुस्तकांत तो आजही कांगडीचा कर्करोग म्हणून ओळखला जातो.

त्याहून झटपट जीव घेतो तो कार्बन मोनॉक्साइड. बंद खोलीत कोळशाची शेगडी, धुराडे तुंबलेला बंब किंवा गॅसचा हीटर रात्रभर जळत राहिला की हा वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्टपणे बांधला जातो. सुरुवातीला डोके दुखते, मळमळते, अंग जड होते; थंडीमुळे असेल असे वाटून माणूस आणखी पांघरूण घेतो आणि झोपतो. उत्तर भारतात हिवाळ्यात एकाच खोलीत झोपलेल्या कुटुंबाच्या मृत्यूच्या बातम्या येतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते. झोपताना विस्तव विझवणे किंवा बाहेर ठेवणे, धुराडे हिवाळ्यापूर्वी साफ करणे आणि खोलीत हवा खेळती ठेवणे याला पर्याय नाही. आणि रात्री विस्तव विझवायचा तर अंगावर पुरेसे लोकरी कपडे हवेत. विणलेली बंडी आणि मोजे यांचे आरोग्यमूल्य येथे सर्वांत स्पष्ट दिसते. ते माणसाला विस्तव विझवून झोपण्याची मुभा देतात.

थंडीवर उतारा म्हणून मद्याचा घोट घेणारेही असतात. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर जाते आणि हुडहुडी मंदावते. बर्फाळ प्रदेशात हिंडायला गेलेल्या पर्यटकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. गरम पाण्याची पिशवी चांगली, पण संवेदना हरवलेल्या पायाला ती थेट लावली तर भाजते आणि कळतही नाही. अंथरूण तापवून ती बाजूला काढावी.

विणणाऱ्या हातांचे काय?

विणकामाने मन शांत होते असे विणणारे सांगतात. २०१३ मध्ये ब्रिटनमधील व्यावसायिक उपचारशास्त्राच्या नियतकालिकात ३,५४५ विणकाम करणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. जे अधिक वेळा विणतात त्यांना अधिक शांत आणि आनंदी वाटते, असे त्यात दिसले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये ७० ते ८९ वर्षे वयाच्या तेराशेहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विणकाम, वाकळ शिवणे अशा हस्तकला करणाऱ्यांत सौम्य स्मृतिदोषाचे प्रमाण कमी आढळले. अशा अभ्यासांतून विणकामाने विस्मरण टळते असे सिद्ध होत नाही. ज्यांची स्मृती शाबूत आहे तेच विणत राहतात, असेही असू शकते. पण टाके मोजणे, नक्षी लक्षात ठेवणे, चुकले तर उसवून पुन्हा करणे यात बुद्धी आणि बोटे दोन्ही गुंततात, आणि त्यासाठी औषधाच्या दुकानात जावे लागत नाही, एवढे नक्की.

याहून महत्त्वाची गोष्ट कुठल्या तक्त्यात सहज मावत नाही. बर्फाने रस्ता बंद झालेल्या घरात किंवा पुण्या-मुंबईतील फ्लॅटमध्ये दिवसभर एकट्या असलेल्या वृद्धेला आपला कोणाला तरी उपयोग आहे असे वाटणे, ही आरोग्याची गरज आहे. विणणारी व्यक्ती घरातली माणसे मापाने ओळखते. कोणाचा पाय रुंद आहे, कोणाचा खांदा उतरता, कोण यंदा उंच झाला. ही ओळख टिकवायला विणकाम हे निमित्त पुरते. सुया हातातून खाली ठेवल्या जातात तेव्हा घरच्यांनी कारण विचारावे. दिसत नाही म्हणून असेल तर मोतीबिंदू तपासावा. बोटे दुखतात म्हणून असेल तर जाड, हलक्या लाकडी सुया आणि जाड लोकर आणून द्यावी, अर्ध्या तासाने हात मोकळे करायला सांगावे. रात्री हाताला मुंग्या येत असतील तर मनगटाची तपासणी करावी. ‘मन लागत नाही’ हे उत्तर असेल तर तेही डॉक्टरांना सांगण्याजोगे लक्षण आहे.

बर्फाविना थंडी

महाराष्ट्रात हिमवृष्टी होत नाही. पण निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांच्या खाली जातो, आणि तोरणमाळ, मेळघाटच्या पाड्यांवर जानेवारीची पहाट अंग गोठवते. तेथील घरे थंडीसाठी बांधलेली नसतात. कमी वजनाची बाळे आणि एकटी राहणारी वृद्ध माणसे तेथेही आहेत. घरी येणाऱ्या आशा कार्यकर्तीने बाळाला हात लावून पाहावे अशी व्यवस्था आहे. तिने त्याच भेटीत घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पोटावरही हात ठेवावा, ही भर घालायला हवी. महिला बचत गट शिवणकामाबरोबर बंड्या, मोजे आणि टोप्या विणायला लागले, तर थंडीपूर्वी पाड्यावरच्या प्रत्येक वृद्धापर्यंत आणि बाळापर्यंत ते पोहोचवणे अवघड नाही. रुग्णालयातील बाळांसाठी टोप्या द्यायच्या असतील तर आधी विचारून घ्यावे. तेथील कपडे गरम पाण्यात धुवावे लागतात आणि लोकर ते सोसत नाही, म्हणून तेथे सुती टोप्या उपयोगी पडतात. लोकरीच्या घरी जाताना द्याव्यात.

हिवाळा तोंडावर आला की विणणाऱ्यांच्या मनात यादी सुरू होते. या वर्षी त्या यादीचा क्रम बदलावा. आधी घरातले सर्वांत म्हातारे माणूस, मग सर्वांत लहान, मग बाळंतीण, आणि मग बाहेर हिंडणारे धडधाकट. विणणारी स्वतःच घरातली सर्वांत म्हातारी असेल, तर पहिली बंडी तिने स्वतःसाठी विणावी. तशी ती विणणार नाही, हे उघड आहे. म्हणून नातवाने तिच्याकडून सुलट-उलट टाके शिकून घ्यावेत आणि निदान एक मफलर तिच्यासाठी विणावा. टाके वाकडे आले तरी चालतील, हवा तेवढीच अडकते.